जमनाचा चौक

जमना डोंगरातल्या राजाची मुलगी. तो डोंगर वेवजीच्या पुढे आहे. मी मजूर, आशागडच्या वाडीत चिकू काढतो. एकदा कासाला जीपमध्ये बसलो होतो, तेव्हा घरातून पळून आलेली ती चढली आणि म्हणाली, "जरा सरक की." मी सरकलो. पुढे लग्न झालं. पाड्यातल्या बायकांनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढला. त्यात आम्ही दोघं घोड्यावर होतो. जमना हसली. माझ्याकडे सायकलही नव्हती.

यंदा ती तापाने गेली. शेवटी दोन पावलं टाकली तरी तिला दम लागायचा.

दिवसकार्य उरकल्यावर राजा आला. पालखी पाड्याच्या वाटेत अडकली म्हणून चालत आला. मी प्लॅस्टिकची खुर्ची दिली. खुर्चीकडे बघून तो उभाच राहिला.

"मजुराची बायको झाली म्हणून मेली," तो म्हणाला. "आमच्यात मरायची पद्धत नाही."

"मला माहीत नव्हतं."

"तिला माहीत होतं."

हे ती मला कधी बोलली नव्हती.

राजाने चौकाकडे बोट केलं. "हा पुसलास की लग्न झालंच नाही. मग मरणही नाही. ती आमच्याकडे उठून बसेल. पण तुला ओळखणार नाही. इथलं कोणी तिला ओळखणार नाही."

"मग तुम्हीच पुसा."

"राजाने शेणात हात घालायचा?"

मी बादलीत शेण कालवलं. घोडा शेवटी पुसला.

संध्याकाळी भाऊ आला, तुक्या. ओली भिंत बघून म्हणाला, "सारवलंस? लग्न ठरलं वाटतं. कर बाबा आता, म्हातारा होशील."

"बघू," म्हणालो.

दिवाळीनंतर कासाच्या बाजारातून परत निघालो. जीपमध्ये बसलो, तर समोरून जमना आली. अंगावर जरीचं लुगडं, पायात काही नाही, सोबत नोकर नाही. पुन्हा घरातून पळाली होती.

"जरा सरक की," ती म्हणाली.

"जागा नाही."

"ही काय एवढी."

"राखून ठेवलीय. बायकोसाठी."

"कुठाय बायको?"

"येतेय."

"नवऱ्याला बसवून स्वतः बाजार फिरतेय. नशीब काढलंय बाईने," ती म्हणाली आणि मागच्या जीपकडे गेली.

त्या जीपची पायरी उंच होती. चढताना तिला दम लागला नाही, तेवढं मी वळून बघून घेतलं.