डाव्या हाताचा चाकू

धुरपताबाईंनी उजवा हात पदरात गुंडाळून पाठीशी धरला आणि डाव्या हाताने चाकू उघडायला घेतला. पात्याला नख अडकवायची खाच होती. पण एकाच हाताने मूठ धरायची कशी आणि नख अडकवायचं कसं? त्यांनी मूठ पोटाशी दाबून पाहिली, मग काउंटरच्या कडेला टेकवून पाहिली. चाकू निसटला आणि काचेवर खण्णकन आपटला.

“आई, काय करायलीस?” ज्योत्स्ना दबक्या आवाजात म्हणाली. “लोक बघायलेत.”

“बघू दे,” धुरपताबाई म्हणाल्या. “दुसरा दाखवा हो.”

नांदेडात गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं ते दुकान. भिंतीवर लहानमोठ्या कृपाणी टांगलेल्या, काचेखाली हातात घालायची कडी आणि एका बाजूला घडीच्या चाकूंची ही भलीमोठी रांग. दुकानाचे मालक सरदारजी पिढ्यान् पिढ्या इथलेच. त्यांची मराठी, शाळेत शिकवणाऱ्या ज्योत्स्नापेक्षाही गावरान होती.

“मावशी, चाकू कुणासाठी पायजे?”

“आमच्या मालकासाठी.”

“त्यांना एकच हात हाय का?”

“हात दोन्ही हाईत. उजवा ऐकत न्हाई.”

सरदारजींनी मान हलवली. अधिक काही न विचारता त्यांनी लाकडी मुठीचा एक चाकू काढून त्यांच्यापुढे धरला. धुरपताबाईंनी हात मागे घेतला.

“हातात नका देऊ. खाली ठेवा.”

“काऊन?”

“हातात दिला की भांडण लागतं.”

“असं असतं तर मावशी, माझं रोज सगळ्या नांदेडशी भांडण लागलं असतं,” सरदारजी हसून म्हणाले. पण चाकू त्यांनी काचेवरच ठेवला.

ज्योत्स्नाने कपाळाला हात लावला. ही खोड आईने माहेराहून आणली होती. घरात विळी, कात्री, चाकू, काहीही द्यायचं झालं की ती भुईवर ठेवायची आणि समोरच्याने ते उचलून घ्यायचं. साहेबरावांना याचा भयंकर राग. “आपल्या बापजाद्यांनी दीक्षा घेतली, देव सोडले, सगळं सोडलं, अन् तुझा चाकू अजून भुईवरच!” असं म्हणत ते वाकायचे, चाकू उचलायचे आणि त्यावरून भांडायचे. म्हणजे ज्या भांडणाला भिऊन चाकू खाली ठेवायचा, ते भांडण व्हायचंच. हे धुरपताबाईंच्या लक्षात कधी आलं नाही असं नाही.

साहेबराव होतेच भांडकुदळ. वीज कंपनीत लाइनमन होते, चाकूर आणि आसपासच्या खेड्यांतले खांब त्यांना नावानिशी ठाऊक. खिशात कायम घडीचा चाकू. त्याच चाकूने तारेचं रबर सोलायचं, त्यानेच पोत्याची सुतळी कापायची आणि त्यानेच पेरूच्या फोडी करायच्या. “तारेचा चाकू पेरूला लावू नका,” असं त्या म्हणाल्या की संपलं. वरणातल्या मिठापासून सरपंचापर्यंत आणि पंख्याच्या वेगापासून जावयाच्या नोकरीपर्यंत त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ते नेमकं धुरपताबाईंच्या मताच्या उलट असायचं. शेजारची चांगुणा म्हणायची, तुमच्या घरी रेडिओची गरजच न्हाई.

दिवाळीच्या आधी आठवडी बाजारात त्यांना लकव्याचा झटका आला. त्या धांदलीत चाकू कुठे पडला कोण जाणे. दवाखान्यातून ते काठी टेकत घरी आले, जीभ जड झाली तरी बोलणं कळत होतं, डॉक्टरही खूश होते. फक्त एक झालं, साहेबराव भांडेनासे झाले. वरण आळणी आहे का? हाव. पंखा बंद करू का? हाव. गावातल्या बाया म्हणाल्या, बरं झालं बाई, माणूस निवळला. धुरपताबाईंना मात्र रात्रंदिवस वाटत राही, की दवाखान्यातून आपण भलत्याच माणसाला घेऊन आलो.

परवा चांगुणाने पेरू आणून दिले. साहेबरावांनी एक पेरू मांडीवर ठेवला आणि त्यांचा डावा हात सदऱ्यावरून उजव्या खिशाकडे गेला. खिसा चाचपला. मग हात तसाच परत येऊन पेरूवर पडून राहिला. धुरपताबाईंनी विळीवर फोडी करून दिल्या. त्यांनी मुकाट खाल्ल्या. म्हणूनच आज डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायला नांदेडला आल्यावर त्या इथेच राहणाऱ्या पोरीला घेऊन या दुकानात शिरल्या होत्या.

पण चाकू घेणं इतकं अवघड असेल, हे त्यांना कुठे माहीत होतं? लाकडी मुठीचा दिसायला अगदी जुन्यासारखा, पण दोन हातांशिवाय उघडेना. एक लाल रंगाचा होता, त्यात चाकू, कात्री, टोच्या, बाटली उघडायचं, एवढं काही कोंबलेलं, की पातं कोणतं तेच सापडेना. एकाला घडीच नव्हती, नुसतं म्यान होतं. तो छान निघाला, पण सदऱ्याच्या खिशात मावेना.

“बटण दाबलं की उघडतो, तसा न्हाई का?” त्यांनी विचारलं.

“तो मी ठेवत न्हाई, मावशी. पोलिसांनी बघितला तर तुमच्या मालकाला ठाण्यात चहा पाजायला न्हेतील.”

सरदारजींनी आतून एक काळा चाकू आणला. पात्याला बारीक गुंडी होती. अंगठ्याने ढकलली की पातं उघडायचं. धुरपताबाईंनी डाव्या हाताने ढकललं आणि ते खटकन उघडलं. त्यांचा चेहरा उजळला. पण मिटवताना आत एक पट्टी दाबावी लागत होती, आणि ती दाबताना अंगठा पात्याच्या वाटेतच येत होता.

“हे बघ आई, इथं किती हायत,” ज्योत्स्ना म्हणाली. मोबाइलवर तिने चाकूंची दुसरी रांग उघडली होती. तिथे हाच चाकू स्वस्त होता, खाली एकाने लिहिलं होतं की फार चांगला आहे आणि दुसऱ्याने लिहिलं होतं की अजिबात घेऊ नका. धुरपताबाईंनी दोन्ही वाचून घेतलं आणि त्या अजूनच गोंधळल्या.

“मावशी, असं सांगा, त्यांना कापायचं काय हाय?” सरदारजींनी विचारलं. “त्या हिशोबानं देतो.”

धुरपताबाईंनी मनाशी यादी केली. तारा आता कापायच्या नव्हत्या. सुतळी त्या स्वतः सोडायच्या. पेरू विळीवर होत होते. कापायचं काय होतं?

ज्योत्स्नाने आईचा दंड धरून तिला थोडं बाजूला घेतलं. तिचा स्वर आता चिडका नव्हता.

“आई, बाबांना रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू हायत. डॉक्टर आजच काय म्हणाले? दाढीचं ब्लेडसुद्धा नको. डाव्या हाताची सवय न्हाई त्यांना. बोट कापलं अन् रक्त थांबलंच न्हाई तर? तू एकटी काय करशील?”

“खरंय गं.”

“मग?”

“त्यांचा हात खिशात जातो अन् रिकामा परत येतो, ज्योत्स्ना. मला न्हाई बघवत.”

ज्योत्स्नाने मान खाली घातली. तिलाही बघवत नव्हतं. मग धुरपताबाई काउंटरपाशी परत आल्या.

“हा काळाच द्या. पण त्याची धार काढून.”

“धार लावूनच देतो, मावशी. त्याचे पैसे घेत न्हाई.”

“लावून न्हाई. काढून. बोथट करा.”

सरदारजींनी त्यांच्याकडे पाहिलं, ज्योत्स्नाकडे पाहिलं आणि पुन्हा चाकूकडे. आजवर त्यांच्याकडे अशी मागणी घेऊन कुणी आलं नसावं. दगडावर पात्याची धार त्यांनी सरळ घासली, तळहातावर फिरवून दाखवली आणि चाकू मिटून काचेवर ठेवला.

परतीच्या एसटीत धुरपताबाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. लोह्याचा थांबा मागे पडल्यावर त्यांना एकदम वाटलं, आपण हे काय घेऊन चाललोय? कापत नाही तो चाकू कसला? त्या माणसाला बरं वाटावं म्हणून घेतला की त्याला लहान पोरासारखं खेळणं आणलं? धार असती तर जिवाला घोर आणि धार नाही तर चाकूला अर्थ नाही. चाकूर येईपर्यंत त्यांनी तो तीनदा मनातल्या मनात परत नेऊन दिला.

घरी चांगुणा साहेबरावांपाशी बसली होती. ती उठून गेली. साहेबराव दारासमोर खुर्चीत होते, डावा हात मांडीवर.

“नांदेडला लई गर्दी होती,” धुरपताबाई चपला काढत म्हणाल्या.

“हाव.”

“डॉक्टर म्हणाले, फरक हाय.”

“हाव.”

धुरपताबाई पाणी पिता पिता थांबल्या. त्यांनी जरा तिरकं पाहत म्हटलं, “औंदा पाऊस कमीच झाला, न्हाई?” यंदा तर नाल्याचं पाणी अंगणात आलं होतं, आणि याच माणसाने त्यावरून तहसीलमध्ये जाऊन तोंड वाजवलं होतं.

“हाव,” साहेबराव म्हणाले.

“ज्योत्स्ना म्हणते, हे घर विकून टाका अन् नांदेडला येऊन राहा.” असं ज्योत्स्ना बोललीच नव्हती.

साहेबरावांनी ओट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. हे घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं, गवंड्याशी रोज भांडून.

“हाव,” ते म्हणाले.

धुरपताबाईंनी पिशवीतून चाकू काढला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने साहेबरावांच्या पायापाशी भुईवर ठेवला.

“तुमच्यासाठी आणला.”

साहेबरावांनी खाली पाहिलं. डावा हात मांडीवरून उठला, खुर्चीच्या बाजूने थोडा खाली गेला. ते वाकले, पण उजवं अंग त्यांना वाकू देईना. हात अधांतरी राहिला आणि मग मुकाट मांडीवर परत आला. त्यांनी चाकूवरची नजर काढून घेतली आणि ते रस्त्याकडे पाहू लागले.

धुरपताबाईंनी स्टुलाकडे पाहिलं. स्टुलावर ठेवला असता तरी चाललं असतं. स्टूल ओढायला त्या दोन पावलं गेल्यासुद्धा. मग परत आल्या, वाकून चाकू उचलला, साहेबरावांचा डावा हात आपल्या हातात घेतला, तळव्यावर चाकू ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

साहेबराव बायकोच्या हाताकडे पाहत राहिले. मग चाकूकडे. अंगठा गुंडीवर गेला, घसरला, पुन्हा गेला. पातं खटकन उघडलं. त्यांनी ते उजेडात धरलं, एक डोळा बारीक केला आणि धार गुडघ्यावरच्या धोतरावर ओढून पाहिली. मग पुन्हा ओढली. कपाळावर एक आठी उमटली.

“केवढ्याला घेतला?” जड जिभेने त्यांनी विचारलं.

धुरपताबाईंनी किंमत सांगितली.

“धार न्हाई ह्याला.”

“न्हाईच. मीच काढून घेतली.”

“काढून?” साहेबरावांची मान वर आली. “काढून घेतली? पैसे देऊन? धुरपता, हा चाकू हाय का चमचा?”

“रक्त पातळ व्हायच्या गोळ्या खायलात तुम्ही. कापलं म्हणजे?”

“मला कापंल? मला? खांबावर लटकून... तारा सोलल्यात मी!” शब्द अडखळत होते, पण थांबत नव्हते. “अन् ही मूठ बघ. पिलॅस्टिक. फसवलं तुला. सहाण आण.”

“आणत न्हाई.”

“आण म्हणतो ना!”

“मग तुम्हीच जायचं होतं नांदेडला!”

“जातो की! हे घर कोण इकतंय तेबी बघतो!”

आत मोबाइल वाजू लागला. धुरपताबाईंनी पदराने डोळे पुसत तो उचलला. आई पोचली का, एवढंच ज्योत्स्नाला विचारायचं होतं, पण पाठीमागचा आवाज ऐकून ती दचकली.

“आई, बाबा ओरडायलेत का? काय झालं? कापलं का कुठं?”

“काही कापलं न्हाई,” धुरपताबाई म्हणाल्या. बाहेरून सहाणेची पुन्हा हाक आली. “भांडण लागलंय आमचं. ठेव तू आता.”