दोन पेले पाणी

भिकाजीने अडसराचे तोंड कोयत्याच्या दोन घावांत उडवले आणि आतले पाणी स्टीलच्या पेल्यात ओतले. पेल्याला बाहेरून खिळ्याने एक रेघ मारलेली होती. पाणी रेघेला टेकताच त्याने हात आवरला, आणि उरलेले चार घोट माडाच्या मुळात सांडून टाकले.

“बाबा, ह्या नको. साधा पाणी दी,” सोप्यावर बसलेली अर्चना म्हणाली.

“म्हापशाच्या बाजारात लोक हेच्यासाठी रांग लावतत. आणि आमच्या राणीक विहिरीचा होया.”

“मगे तू पी.”

अर्चना नऊ वर्षांची होती, दिसायला सहाची. दीड वर्षापूर्वी तिची मूत्रपिंडे बिघडली. तेव्हापासून दर गुरुवारी तिला शहरातल्या इस्पितळात नेत. तिथे पोटात नळी घालून औषधी पाणी आत सोडायचे, थोड्या वेळाने बाहेर काढायचे, पुन्हा सोडायचे, असे दोन दिवस चाले. त्याला डायलिसिस म्हणतात हे आता पार्से गावातल्या लहान मुलांनाही पाठ झाले होते. बाकीचे दिवस घरी. घरी दिवसाला दोनच पेले पाणी, तेही रेघेपर्यंत. प्यायलेले आणि लघवी झालेली, दोन्ही वहीत लिहायचे. भिकाजी पाडेली, माडावर चढण्यात त्याचे आयुष्य गेलेले. त्याला लिहिता येत नसे. वही अर्चनाच लिही.

तो पेला घेऊन सोप्याकडे वळला तेव्हा डॉ. सुमन केंकरे अंगणात उभ्या होत्या. जीप त्यांनी रस्त्यावरच ठेवली होती. पेडणे आणि डिचोली भागातल्या अशा अकरा मुलांचा त्या अभ्यास करत होत्या. दर महिन्याला घरोघर जाऊन वह्या बघायच्या. डायलिसिस नीट झालेले मूल घरी गेल्यावर मधल्याच एखाद्या दिवशी अचानक का जाते, हे त्यांना शोधून काढायचे होते.

“ते काय आहे?” त्यांनी विचारले.

“अडसर. तुमी शहाळा म्हणतात.”

“कधीपासून देता?”

“गणपतीची चवथ झाली तेव्हापासून. पण जास्त नाय हां. दोनच पेले. विहिरीच्या पाण्याच्या बदल्यात.” भिकाजी सांगताना थोडा हसलाही. दोनच पेले द्यायचे तर ते चांगल्यातल्या चांगल्या पाण्याचे द्यावेत, हे त्याचे त्याला सुचले होते. लघवीच्या दुखण्याला अडसरासारखे औषध नाही हे तर गावात कुणीही सांगेल.

डॉक्टरीणबाईंनी पेला त्याच्या हातातून घेतला आणि माडाच्या मुळात ओतला. मग त्या पायरीवर बसल्या.

त्यांनी सांगितले ते भिकाजीने उभ्यानेच ऐकले. नारळाच्या पाण्यात एक क्षार असतो. धडधाकट माणसाच्या अंगातला तो क्षार लघवीवाटे निघून जातो. या मुलांच्या अंगात तो साठत राहतो, आणि फार साठला की काळीज चालायचे थांबते. सूज येत नाही, वजन वाढत नाही. अर्चनाच्या रक्तात तो दर खेपेला वाढलेला दिसे, पण तो आजारानेच वाढतो असे त्या धरून चालल्या होत्या. तिला अजून थोडी लघवी होते, म्हणून ती वाचली.

खाण्यापिण्याच्या पथ्याची यादी भिंतीला चिकटवलेली होती. वेगळे राज्य होऊन दोन वर्षे झाली तरी ती यादी कोकणीत छापायची की मराठीत, यावर कागद टेबलाटेबलावर फिरत होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच ती एका परदेशी पुस्तकावरून मराठीत उतरवून हाताने लिहून वाटली होती. केळी, मोसंबी, टोमॅटो, बटाटा. जिथे पुस्तक लिहिले तिथे माड नव्हते.

“आणखी कुणाला दिलंत?”

भिकाजीने कोयता लुंगीला पुसला. एकदा या बाजूने, एकदा त्या.

“नाय,” तो म्हणाला.

दारात उभी असलेली त्याची बायको जानकी त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली.

डॉक्टरीणबाई उद्या डिचोलीला जाणार होत्या. तिथला, त्या अकरांतलाच सात वर्षांचा गणेश अठरा दिवसांपूर्वी गेला होता. त्याची वही त्यांना हवी होती, पण आजवर ती त्यांनी इस्पितळातच बघितली होती, आणि पत्त्यात नुसते खाणीचे नाव होते. घर आपण बघितले आहे, आपण दाखवायला येतो, असे भिकाजी म्हणाला. त्याला कुणी विचारले नव्हते.

इस्पितळात अर्चनाची आणि गणेशची खाट शेजारी शेजारी असे. गणेशचा बाप रामचंद्र कुडाळकडचा, खाणीवर ट्रक चालवायचा. त्यांच्या वस्तीतल्या विहिरीचे पाणी मातीने लाल असायचे. गणेशची आई शेवंती एकदा ते बाटलीत घेऊन आली होती. भिकाजीने बाटली उजेडात धरून पाहिली, आणि पुढच्या गुरुवारी पिशवीत सहा अडसर घेऊन गेला. त्यानंतर प्रत्येक गुरुवारी नेले. पोराला विहिरीचे देऊ नको, हे दे, पेल्यात रेघेपर्यंत ओत आणि वहीत दोन पेले पाणी म्हणून लिही, हे त्यानेच तिला शिकवले होते. शेवटच्या वेळी तर सातवा जास्तीचा दिला होता.

दुसऱ्या दिवशी अस्नोड्यापुढे खाणीच्या मातीने रस्ता लाल झाला. ट्रकांच्या मागे जीप सावकाश चालली होती. भिकाजी दोनदा बोलायला म्हणून पुढे वाकला, आणि दोन्ही वेळा त्याने फक्त वाट सांगितली.

रामचंद्र खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. कामावर गेला नव्हता.

“भिकाजीनू, तुमी?” तो उठला. “बसा.”

शेवंतीने चटई घातली, वही आणून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचे अक्षर, पण एकही दिवस सुटलेला नव्हता. रोज दोन पेले. शेवटच्या दिवशी एक, कारण दुसरा प्यायला गणेश राहिला नव्हता.

डॉक्टरीणबाई पाने उलटत होत्या. वही नीट लिहिली आहे, असे त्या म्हणाल्या.

“लिवल्याला नीटच आसतला,” पुन्हा खाली बसलेला रामचंद्र म्हणाला. “न लिवल्याला कोण बघता?”

मग ते सगळे त्याच्याकडूनच कळले. पाणी जास्त झाले तर मूल जाईल असे इस्पितळात बजावून सांगितले होते. पोरगा दिवसभर पाणी पाणी करायचा, आणि ही डोळे पुसत त्याच्याजवळ बसायची. तो ट्रकवर गेला की घरात दुसरे कोण? हिने चोरून पाजले. अठरा दिवस तो हिच्या हातचे जेवला नव्हता. आयतवारी हिचा भाऊ येऊन हिला कुडाळला नेणार होता, ते आता कायमचे.

हे सांगताना त्याने बायकोकडे पाहिले नाही.

“मी पाणी दिलंय नाय,” शेवंती म्हणाली. आवाज चढला नव्हता. हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटले असावे की त्यात आता काही उरले नव्हते. “हे दादा तरी अडसर आणून देयत, म्हणान झिलाक काय तरी गोड गावला.”

डॉक्टरीणबाईंचा हात पानावर थांबला. त्यांनी मान वळवून भिकाजीकडे पाहिले. त्या काहीतरी बोलणार, एवढ्यात तो चटईवरून उठला आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. तिथे उभे राहायला धड जागाही नव्हती.

“रामचंद्रा, पाणी तिणां दिला नाय. मी दिलंय.”

रामचंद्रला समजले नाही.

“अडसराच्या पाण्यान झिलाचा काळीज बंद पडला. ता मी आणी. पाणी म्हणान लिव, ह्या तिका मीच सांगलंय. माका कालच कळला. काल डॉक्टरीणबायन विचारल्यानी, तर मी खोटा बोललंय.”

“यादी माझी होती,” डॉ. केंकरे म्हणाल्या. “तिच्यात शहाळं लिहिलेलं नव्हतं. वही खरी आहे, रामचंद्र. तिने एक घोटही जास्त दिलेला नाही.”

बाहेरून एक भरलेला ट्रक गेला, तेव्हा भांड्यांचा आवाज झाला. भिकाजी हात खाली सोडून उभा होता. रामचंद्र उठला तर आपण मागे सरकायचे नाही, एवढेच त्याने ठरवले होते. रामचंद्र उठला नाही. त्याने दोन्ही तळवे तोंडावरून खाली ओढले आणि बायकोकडे पाहिले.

“मगे असा आसा तर माका कित्याक नाय सांगलंस?”

“सांगलंय,” शेवंती म्हणाली. “अठरा दिवस सांगतंय.”

मग रामचंद्र म्हणाला, “भावाक तुझ्या येव नको म्हणान निरोप धाडतंय.”

शेवंतीने दोरीवरची साडी काढली आणि घडी घातली. मग दुसरी. पत्र्याच्या पेटीतून गणेशचा एक सदरा काढला, तो दोन साड्यांच्या मध्ये ठेवला आणि सगळे पिशवीत भरले. तिची लगबग नव्हती, आणि ती थांबलीही नाही.

“डॉक्टरीणबाय, म्हापशापर्यंत तुमच्या गाडीतून येव? थयसून सावंतवाडीची गाडी गावतली.”

“आता कित्याक जातंस?” रामचंद्र म्हणाला. “आता काय नाय मा?”

“तेव्हा तुमी धाडत होतात,” ती म्हणाली. “आता मी जातंय.”

तिने चुलीवरचा भात झाकला आणि पायात चपला घातल्या. रामचंद्र उंबऱ्यापर्यंत आला. भिकाजी त्याच्याजवळून जाताना थबकला, पण रामचंद्रचे लक्ष त्याच्याकडे नव्हतेच.

जीपमध्ये डॉक्टरीणबाई पुढे बसल्या. मागे समोरासमोरच्या फळ्यांवर भिकाजी आणि शेवंती. पिशवी तिने मांडीवर घेतली होती. ती आता काही बोलेल, शिव्या तरी देईल, म्हणून तो वाट बघत होता. अस्नोड्याचा पूल मागे पडला. रस्त्याचा लाल रंग कमी होत गेला.

“अर्चना आसा मा?” तिने विचारले.

“आसा.”

“तिका दिललात?”

“दिलंय. रोज.”

ती बाहेर बघू लागली. शेतात कुणीतरी गवताचे भारे बांधत होते.

“तेका ता लय आवडायचा,” ती म्हणाली. “खोटा कित्याक सांगा.”