नदीने ऐकले तो दिवस

माझ्या उजव्या खांबावर कागदाचा एक थर आहे. त्याची जाडी नखाच्या दुप्पट असेल, जास्त नाही. दमट हवेत तो फुगतो आणि त्याच्या कडा सुटतात. हवा कोरडी झाली की पुन्हा लाकडाला चिकटून बसतो. कडेने नीट पाहिले तर कळते की तो एक कागद नाही. एकावर एक चिकटवलेले पुष्कळ कागद आहेत आणि त्यांच्यामधून खळीच्या पिवळट रेघा गेल्या आहेत. नदीकाठच्या दरडीत मातीचे थर दिसतात, तसे. सर्वांत जुना सर्वांत खाली.

मित्रांनो, हे सगळे कागद म्हणजे कविता आहेत आणि मी कापड विणणारा माग आहे. अंग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब मेपलच्या लाकडाचे. आता गिरणीमागच्या छपराखाली उभा आहे. माझा पट्टा कधीच काढून नेला आणि धोटा कुणीतरी पोरांना खेळायला दिला. मी थकलो आहे. पण माझ्या समोर एकदा थकव्याविषयी एक वाक्य बोलले गेले आणि तेव्हापासून हा शब्द मी जपून वापरतो. ते वाक्य शेवटी सांगेन.

बॉस्टन शहराच्या उत्तरेला वाहणाऱ्या मेरिमॅक नदीकाठच्या यंत्रशाळेत मला ओतले, कापले, जोडले आणि गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी उभे केले. नदीचे पाणी तळघरातले मोठे चाक फिरवी. चाक छताखालचा लांब दांडा फिरवी आणि दांड्यावरचा पट्टा मला हलवी. धोटा आडवा धावला की हलका आवाज होई. मग फणी धाग्यावर आपटे, तो जड. हलका, जड, हलका, जड. डोंगराकडच्या शेतांवरून कामाला आलेल्या मुलींनी हाच ठेका लहानपणापासून चर्चमधल्या गाण्यांत ऐकला होता. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांना मी ओळखीचा वाटलो.

विणकामाच्या दालनात पुस्तक आणायला बंदी होती. मग मुलींनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या कविता कापल्या आणि सुताला लावायची खळ घेऊन माझ्या खांबावर चिकटवल्या. नियमात पुस्तकाचा उल्लेख होता, खांबाचा नव्हता. एक ओळ वाचायची, एकदा ताण्याच्या उभ्या धाग्यांवर नजर फिरवायची, मग पुढची ओळ. दिवे लागेपर्यंत कविता पाठ होई.

मीही अशीच कविता शिकलो. सगळ्यांत खालच्या थरात देव आहे आणि मरण आहे. त्या कवितांत लहान मूल कधी मरत नसे, ते झोपी जाई. मातीचा ढिगारा म्हणजे त्याचे अंथरूण. वाचता वाचता कितीतरी मुलींचे हात थांबत, कारण प्रत्येकीच्या घरी असे एखादे अंथरूण होते. त्याच्या वरच्या थरात अरण्य, तळी आणि पाखरे आली. त्यात कवी एकटाच झाडाखाली बसून म्हणे की एका पानात साऱ्या जगाचा नियम आहे. काही कवितांत प्रत्येक कडव्याशेवटी तीच ओळ परत येई. मुलींना असे पालुपद फार आवडे, कारण तेवढ्या वेळात तुटलेला धागा जोडून होई. मग एकदा एक वेगळाच कागद आला. ज्या कापसाचे सूत माझ्यावर चढत होते, तो दक्षिणेकडच्या मळ्यांत कोणत्या गुलामांच्या हातांनी वेचला आणि ते हात कोणत्या बाजारात विकले गेले, याविषयी ती कविता होती. ती दुसऱ्याच दिवशी नखाने खरवडून काढली गेली. तिचा कोपरा अजून शिल्लक आहे आणि त्यावर 'हात' एवढाच शब्द वाचता येतो.

या बहुतेक कवितांत वस्तू बोलत. नदी हसे, वारा विलाप करी, घंटा हाक मारी. तुम्ही शाळेत याला चेतनागुणोक्ती म्हणता. मी आत्ता बोलतो आहे तो त्याच अलंकाराच्या आधाराने. त्यामुळे त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

ट्रायफेना कोल्बी नावाची मुलगी माझ्यावर काम करू लागली तेव्हा कागदांचा थर बराच जाड झाला होता. तिने त्यावर काहीच चिकटवले नाही. ती माझ्या ठेक्यावर स्वतःची कविता रचू लागली.

गातो माझा माग सखा हा, मीही गाते संगे;
थकवा कसला? दिवस सरे हा सुताचिया या रंगे.

गिरणीतल्या मुलींच्या मासिकात ती छापून आली. मी सुखावलो. तोवर माझ्याविषयी कोणी एक ओळही लिहिली नव्हती. दालनावर देखरेख करणारे मिस्टर पीसली यांना तर कविता आपणच केल्यासारखे वाटले. मालकांना सांगून तिच्या कवितांचे पुस्तक काढायचे त्यांनी कबूल केले.

"सोनेरी अक्षरांत नाव, मिस कोल्बी! तुमच्या वडिलांना वाटेल, पोरगी गिरणीत नव्हे, कॉलेजातच गेली होती."

ट्रायफेना लाजून हसली. त्या दिवसापासून ती त्या पुस्तकाची वाट पाहू लागली.

त्यानंतर माझा वेग वाढला. ट्रायफेना आजवर दोन माग सांभाळत होती, तिला तिसरा देण्यात आला. शेजारच्या मागांवर ड्रूसिला बॅचेल्डर होती. वयाने मोठी, जिभेने तिखट. धोट्याच्या भोकाला ओठ लावून धागा ओढून घेता घेता तिच्या छातीत कापसाचे तंतू साठले होते आणि ती सतत खोकत असे. आमच्या आवाजात तो खोकला कुणाला ऐकू येत नसे. फक्त खांदे हलताना दिसत.

"काय गं, आज गाणं नाही?" तिने ट्रायफेनाच्या कानाशी तोंड नेऊन विचारले.

"बसतच नाही गं. माझी ओळ अर्धी होते तोवर हा पुढं पळालेला असतो."

"मग ओळी तोकड्या कर. जेवण नाही झालं तोकडं? अर्धा पाव तोंडात, अर्धा हातात आणि घंटा वाजलीच!"

मुली मिस्टर पीसलींकडे गेल्या. त्यांनी हात वर केले. "मी वाढवलाय का वेग? नदीला विचारा. यंदा तिच्या अंगात आलंय. नदी काय माझं ऐकते?"

बोलणे एखाद्या कवितेसारखेच होते. मुली आपापल्या मागांकडे परतल्या. नदीशी भांडणार कोण?

तेव्हा ड्रूसिलाने एक अर्ज फिरवायला घेतला. दिवसाला दहाच तास काम असावे, अशी राज्याच्या विधिमंडळाला विनंती. तो कागद घडी करून ती एप्रनच्या खिशात ठेवी.

"दालनातल्या सगळ्यांनी सही केली. तूच राहिलीस."

"बघू."

"बघू, बघू! एवढी कवयित्री तू आणि तुला दुसरा शब्द सापडत नाही?"

"सही केली की पुस्तक गेलं, ड्रूसिला. कामही जाईल. मग दुसऱ्या कुठल्या गिरणीत दारातसुद्धा उभं करणार नाहीत."

"मला उभं करतील का? पुस्तक नाही म्हणून मला सगळं सोपं, असं वाटतं तुला?"

ट्रायफेना माझ्याकडे वळली आणि नसलेला तुटका धागा शोधू लागली. असे हिवाळाभर चालले. घडीवर कागद विरत गेला आणि तिचे 'बघू' तसेच राहिले.

वसंतात बॉस्टनहून पाहुणे यायचे ठरले. मालक स्वतः त्यांना घेऊन येणार होते. गिरणीतली मुलगी चालत्या मागापाशी उभी राहून कविता म्हणते, हे त्यांना दाखवायचे होते.

"ठेका जुळला पाहिजे बरं का," त्या दिवशी सकाळी मिस्टर पीसली म्हणाले. "माग गातोय असंच वाटायला हवं. आजच मालक पुस्तकाचंही जाहीर करतील."

मग त्यांनी तळघरात निरोप पाठवला.

सर्वांआधी ते मला जाणवले. पट्ट्याची ओढ कमी झाली. धोटा सावकाश गेला, फणी सावकाश आपटली. हलका, जड, हलका, जड. माझा जुना ठेका परत आला होता. साऱ्या दालनाचा आवाज उतरला आणि त्यात ड्रूसिलाचा खोकला सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला. ट्रायफेनाने माझ्या खांबावर हात ठेवला आणि खिडकीतून खाली पाहिले. पात्रातला काळा खडक कालइतकाच बुडालेला होता. पाणी तसूभरही कमी झाले नव्हते. चाकावर पाणी सोडणारे दार मात्र कुणीतरी थोडे खाली केले होते.

मित्रांनो, इथे क्षणभर थांबतो. जुन्या वस्तू गोष्ट संपवताना आमची काळजी घ्या असे सांगतात. मला तेल घाला, रंग द्या असे मी म्हणणार नाही. माझे बीड वितळवून चुलीची झाकणे केली तरी चालेल. त्या दिवसानंतर ट्रायफेना माझ्यावर कामाला आली नाही. ती कुठे गेली ते मला ठाऊक नाही. तिच्या पुस्तकातला एकही कागद माझ्या खांबावर आला नाही, एवढे सांगू शकतो. माझी विनंती इतकीच आहे. नदी हसते, माग गातो, अशा कविता जरूर वाचा. मलाही त्या आवडतात. पण वस्तू बोलू लागली की तिच्या शेजारी कोण गप्प उभे आहे, तेही पाहत जा. काळजी घ्यायची ती त्याची.

पाहुणे आले. स्त्रियांनी झगे सावरून धरले होते. मालकांनी मान हलवली आणि ट्रायफेना म्हणू लागली. तिची पहिली ओळ माझ्या ठेक्यावर इतकी अचूक बसली की पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर हसू आले.

"थकवा कसला?" ती म्हणाली आणि थांबली.

मी चालत राहिलो. मिस्टर पीसली पुढे वाकले. "दिवस सरे हा..." ते कुजबुजले.

"आज बरं ऐकलं नदीनं तुमचं, मिस्टर पीसली," ती म्हणाली.

मग ती पाहुण्यांकडे वळली. तिचा शब्द एकेक सुटा होता.

"माग गात नाही. थकतही नाही. थकतो आम्ही. ते सगळं मी लिहिलं होतं आणि ते खोटं आहे." तिने मागे न पाहता हात पुढे केला. "ड्रूसिला, दे तो कागद. मी सही करते."