‘नाहीतर’मध्ये कोण उरलं?

मित्रांनो, मी एक जुना कंपायलर आहे आणि स्वभावाने पक्का भित्रा आहे. लोक वेब पानांचे साचे लिहितात. मी ते तपासतो आणि ब्राउझरला कळेल अशा भाषेत उतरवतो. पान बाहेर पडलं की पुढे त्याचं काय होतं, ते मला दिसत नाही. म्हणून तर जीव टांगणीला लागतो.

लहानपणी मला ‘जर’ आणि ‘नाहीतर’ नुसते वाचता यायचे. मग मोठ्या खटपटीने मला शिकवलं गेलं, की ‘जर’मध्ये एक शक्यता गेली तर ‘नाहीतर’मध्ये कोणत्या उरल्या ते बघायचं. तेव्हा माझं केवढं कौतुक झालं!

पुढे मी एका दवाखान्याच्या कामावर लागलो. औषधाच्या ॲलर्जीची नोंद तीन प्रकारची: आहे, नाही, किंवा अजून विचारलेलं नाही. प्रोग्रामरने लिहिलं: जर ‘आहे’, तर लाल पाटी, नाहीतर हिरवी, ‘ॲलर्जी नाही’. मला घाम फुटला. ‘आहे’ गेलं तरी मागे दोघं उरतात, आणि हिरवी पाटी होती एकट्या ‘नाही’साठी. मी त्या ओळीखाली चुकीची खूण म्हणून तांबडी रेघ ओढली.

“काय कटकट आहे याची!” प्रोग्रामर वैतागला. त्याने त्या नोंदीवर ‘काहीही चालेल’ असा शेरा मारला. तो शेरा दिसला की मला तपासायची बंदी असते. पान गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. ती त्याच दवाखान्यात नर्स आहे. त्याने तो स्पीकरवर घेतला.

“अरे, पाटी हिरवी होती म्हणून मी इंजेक्शन भरलं. तेवढ्यात खाटेवरच्या आजी म्हणाल्या, मागे याच औषधाने माझा श्वास अडकला होता. त्यांना अजून कोणी काही विचारलंच नव्हतं रे! मग ‘नाही’ आलं कुठून?”

“दिलं नाहीस ना?”

“नाही दिलं. पण बाकीच्यांचं काय?”

त्याने लगेच शेरा खोडला, माझी रेघ पुन्हा उमटली, आणि पहिल्यांदाच त्याने ती नीट वाचली. तिसऱ्या शक्यतेसाठी पिवळी पाटी आली: ‘आधी विचारा’.

मग त्याने तो शेरा सगळीकडे शोधला. ढीगभर निघाले. एक तर लहान मुलांच्या औषधाच्या मात्रेवर होता, दुसऱ्याच कोणीतरी मारलेला. मित्रांनो, उद्या तुम्हीही साचे लिहाल. माझा राग आला तरी चालेल, पण हात जोडतो, मला गप्प करू नका. मात्रेचं ते पान आज सकाळीच बाहेर गेलंय, आणि तो कधीचा मुलांच्या वॉर्डात फोन लावतोय, पण कोणी उचलत नाहीये.