टाळीने दिलेला पत्ता

या गं बायांनो, सरका अशा जवळ. बुवांच्या गळ्यात हार पडतोय, बुक्का लागतोय; उत्तररंगाला अजून अवकाश आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. ऐकताना आपापल्या मनगटाला काय बांधलंय ते मात्र चाचपून बघा.

मनोरीला मालनमावशीकडे एक पोर लपून राहिली होती. तिला कल्पिता म्हणू, खरं नाव सांगणार नाही. मावशी म्हणजे तिच्या आईची मासळीबाजारातली मैत्रीण, नवऱ्याला ठाऊक नसलेली. बोरिवलीच्या त्या नवऱ्याचा, नितेशचा, मार चुकवून ती आली. फोन तिथेच टाकला, पण हातातलं स्मार्टवॉच राहिलं. त्यानेच दिलेलं, आतलं सिमही त्याच्याच नावावर.

"छातीत धडधडतं, तेव्हा नाडी बघता येते," ती म्हणायची. "त्याला ब्लॉक केलंय, लोकेशनपण बंद आहे."

"घड्यालाला कोन घाबरतो गो?" मावशी सुकट निवडता निवडता म्हणायची.

एकादशीला मावशीने तिला देवळात कीर्तनाला आणलं. बुवांनी गजर धरला आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेली ती पोर उभीच राहिली! डोळे मिटलेले, हात डोक्यावर, आणि काय त्या टाळ्या! मी शेजारीच होते. मनगटावरचं घड्याळ थरथरलं, लाल झालं. मला वाटलं, नाडी मोजतंय. पण टाळ्यांच्या झटक्यांनी त्याला वाटलं, ती पडली; ते विचारत होतं, 'तुम्ही पडलात का?' विठ्ठलासमोर मनगटाकडे कोण बघतं?

उत्तररंग चढत होता, तोच दारातून हाक आली.

"ए कल्पिता! चल, ऊठ."

टाळ थांबले. नितेश चपला घालूनच आत आला होता.

"आधी चपला काढ रे," मावशी म्हणाली. "कोन तू?"

"नवरा तिचा. घड्याळानेच कळवलं मला, ही जोरात पडलीय, उत्तर देत नाही म्हणून. संकटातला नंबर माझाच टाकलाय त्यात, लोकेशन बंद असलं तरी येतं. पत्त्यासकट. काळजीने फेरीबोट पकडून धावत आलो ना!" तो हसला.

मावशीने पदर खोचला. "तू पाडायचास तवा नाय वाजला तो?"

एकदोघी फिस्कन हसल्या. कल्पिता हसली नाही.

"तेव्हा आधी काढून ठेवायला लावायचा, मावशी. काच फुटेल म्हणायचा. महागाचं आहे."

मग एकेक बाई उठली आणि तिच्यापुढे येऊन उभी राहिली. त्याने हात पुढे केला, तशी मावशी म्हणाली, "लाव हात. बोटीतना नाय, खाडीतना पवत जाशील परत."

तो मागे सरला. दारातून म्हणाला, "ठीक आहे. गाव तर कळलं आता. रोज थोडीच कीर्तन असतंय इथे?"

खोटं नव्हतं ते. घड्याळ पोलिसांकडे दिलं, तक्रारही लिहून झाली. पण तक्रार काही दाराशी राखणीला बसत नाही. पहाटेच्या बोटीने कल्पिता गेली. कुठे, ते मी विचारलं नाही. एवढंच मनात येतं, आता गजर ऐकून तिचे हात उठत असतील का?

चला, बुवा उभे राहिले. तिचं खरं नाव पांडुरंगाला ठाऊक आहे. तुम्ही टाळी वाजवाल ना, तेव्हा तेवढी तिची आठवण ठेवा.