दार लावून बसलेली गोगलगाय

मी बोलतेय. इकडेतिकडे काय बघता, खाली बघा! काळ्या ताटलीत तिळाएवढा शंख दिसतोय ना? तो रिकामा नाही. आत मी आहे, समुद्रातली गोगलगाय.

माझा जन्म समुद्री गवताच्या पात्यावर झाला. आईनं तिथं अंडी चिकटवली आणि ती आपल्या वाटेनं गेली. आमच्यात लाडबिड नसतात. इतर शंखवाल्यांची पिल्लं लाटेबरोबर कुठच्या कुठं जातात. आमची अंड्यातून निघाली की त्याच गवतावर चालू लागतात. म्हणून त्या एका उथळ किनाऱ्यापलीकडे आमचं कुणी नाही. जिभेवर बारीक दात आहेत, त्यांनी पात्यावरचं शेवाळ खरवडायचं की पोट भरलं.

पायाला एक झाकण आहे, काचेसारखं आरपार. धोका वाटला की अंग आत ओढायचं आणि दार लावून घ्यायचं. आमच्या घराण्याला येते ती एवढी एकच विद्या. तीच आता मुळावर आलीये.

आमच्या किनाऱ्यावर, थेट आमच्या गवतावरच, भिंत बांधायची ठरलीये. बांधणारा म्हणजे या खोलीतल्या बाईंचा थोरला भाऊ. बाईंचा उभा जन्म बारीक शंख बघण्यात गेलाय. एके दिवशी त्या भावाला घेऊन आमच्या डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या. "दादा, इथली गोगलगाय जगात दुसरीकडे नाही रे."

"एक जरी जिवंत दाखवलीस ना चिमे, भिंत मागे घेतो. शब्द आहे माझा. पण उगाच अडवू नकोस. भरतीला लोकांच्या घरात पाणी शिरतं."

तो काही खोटं बोलत नव्हता.

बाईंनी आमच्यासकट गवत इथं आणलं, बादलीत झटकलं, आम्हाला चाळणीत ओतलं आणि चाळणी नळाखाली धरली. अहो, नळाखाली! रिकामे शंख धुवायची सवय, दुसरं काय. गोडं पाणी म्हणजे आम्हाला विष. आम्ही धडाधड दारं लावली आणि पार आतल्या वळणात जाऊन बसलो.

मग बाईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. आमची आरपार दारं त्यांना दिसलीच नाहीत. "हा रिकामा... हाही रिकामाच." त्यांचा आवाज रडवेला होत गेला. मला सांगायचं होतं हो, पण भीतीनं दार काही उघडेना.

आत्ता भाऊ आला होता. "काय गं, सापडली?"

"नुसते शंख रे दादा. मीच उशीर केला."

त्यानं बाईंच्या पाठीवर हात ठेवला. "तू कमी पडली नाहीस. चल, येतो मी. मशिनवाले किनाऱ्यावर खोळंबलेत." आणि जिना उतरू लागला.

किनाऱ्यावरच्या गवतावर माझी अंडी आहेत. इथं ताटली कोरडी ठाक. शंखात थेंबभर समुद्र उरलाय, दार उघडलं की तोही जाणार. एरवी मी मेले तरी उघडलं नसतं. पण उघडलं. पाय बाहेर काढला, शिंगं काढली आणि शंख ओढत ओढत निघाले.

बाई डिंकाचा ब्रश घेऊन शंख कागदावर चिकटवायला वळल्या. वाकल्या. ब्रश हातातून गळला.

"अगं बाई! तू जिवंत आहेस?"

धावत खिडकीशी गेल्या. "दादा! ए दादा!" खाली गाडी सुरू झाली होती. फोन लावला, तर तो इथंच खुर्चीवर वाजला. दादा विसरून गेला होता! आता बाई परत माझ्याकडे आल्यात. समुद्राच्या पाण्याची बाटली हातात आहे आणि तिचं झाकण काही निघत नाही.

अहो, ठेवा ती बाटली! माझं व्हायचं ते होईल. गाडी अजून फाटकातच आहे. मला पाणी मागाहून घाला. आधी दादाला गाठा. पळा बाई, पळा!