हूक सरळ, खांदे रिकामे

मी एक जुना लाकडी हँगर आहे, आणि सध्या रिकामा आहे.

मित्रांनो, हँगरचं कुणी ऐकत नाही हे मला माहीत आहे. नदीला बोलू देतात, झाडाला बोलू देतात, एखाद्या फाटक्या छत्रीलासुद्धा लोक प्रेमाने बोलू देतात. माझ्याकडे मात्र दोन खांदे, एक मान आणि डोक्याच्या जागी एक हूक, एवढंच आहे. पण डोकं नसताना बोलणारे जगात पुष्कळ आहेत, म्हणून मीही धीर केला.

एका सुताराने मला खुर्चीच्या उरलेल्या लाकडातून बनवलं. म्हणजे थोडक्यात मी खुर्ची व्हायचा राहिलो. घासकाम चालू असताना सुताराचा त्याच्या मेहुण्याशी वाद चालला होता, आणि मेहुणा हट्टाला पेटल्यामुळे माझा डावा खांदा जरा जास्तच घासला गेला. तेव्हापासून मी डावीकडे झुकलेला आहे. सुताराने मला डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाला, "चालेल." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. पुढची बरीच वर्षं मी त्यावरच काढली.

मला नोकरी लागली ती एका नाट्यगृहात. गाव थंडीचं, त्यामुळे येणारा प्रत्येक जण कोट घालून यायचा आणि आत जाण्याआधी तो बाहेरच्या छोट्या खोलीत ठेवायचा. त्या खोलीत एक उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस बसायचा. लोक त्याला कोटवाला म्हणायचे. कोट घ्यायचा, हँगरवर चढवायचा, हातात पितळी बिल्ला द्यायचा, नाटक संपलं की बिल्ला घेऊन कोट परत द्यायचा. बायकांना तो कोट नुसता देत नसे. दोन्ही खांद्यांना धरून उघडा ठेवायचा, हात बाह्यांत जाईपर्यंत थांबायचा, कॉलर सारखी करायचा आणि म्हणायचा, "सावकाश, बाई. नाटक संपलंय. आता घाई कसली."

त्याचे दोन नियम होते. पहिला, बिल्ल्याशिवाय कोट नाही. एकदा खुद्द मालकांचा बिल्ला हरवला. कोटवाल्याने त्यांनाही कोट दिला नाही. मालक कुडकुडत घरी गेले, दुसऱ्या दिवशी त्यांनी खूश होऊन त्याचा पगार वाढवला, आणि तिसऱ्या दिवशी सर्दी झाल्यावर पुन्हा कमी केला. दुसरा नियम, दुसऱ्याची वस्तू जशी सापडली तशीच परत गेली पाहिजे. खिशातून हातमोजा लोंबत असेल तर लोंबताच राहील. एका वकिलाच्या खिशात अर्धं खाल्लेलं बिस्किट होतं. तेही त्याने आतल्या चुऱ्यासकट सांभाळलं.

पहिला नियम त्याने एकदाच मोडला. तिकीट खिडकीवर एक नवी मुलगी कामाला लागली होती. तिचा कोट मोहरीच्या रंगाचा होता, इतका की त्या राखाडी-काळ्या कोटांमध्ये कुणीतरी दिवा विसरून गेल्यासारखा वाटायचा. चिल्लरीची जड पिशवी रोज एकाच खांद्यावर टाकून टाकून तिचा डावा खांदा उतरला होता आणि कोटही तसाच झाला होता. कोटवाल्याने तो एका हँगरवर लावून पाहिला, दुसऱ्यावर पाहिला, कोट घसरला. मग मी. कोट माझ्यावर असा बसला की सुताराच्या मेहुण्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.

"बिल्ला?" तिने हात पुढे केला.

"तुम्हाला नको," तो म्हणाला. "तुमचा लक्षात राहतो."

"आणि तुम्ही विसरलात तर?"

त्याने कोटाची कॉलर सारखी केली. मागे रांग वाढली. शेवटी म्हणाला, "नाही विसरणार."

त्यांचं लग्न झालं. मुलगी झाली. मधल्या काळात त्यांच्या घरी काय झालं ते मला कोटाकडून कळायचं. बाहीला दूध सांडल्याचा डाग, खिशात मुलीचा पडलेला दात, एक बटण तुटून त्या जागी आलेलं वेगळंच, जांभळं बटण. रोज संध्याकाळी कोट माझ्यावर यायचा आणि रोज नाटक संपल्यावर कोटवाला तो उघडा धरायचा. स्वतःच्या बायकोलासुद्धा "सावकाश, बाई" म्हणायचा. ती म्हणायची, "अहो, घरी जाऊन कुकर लावायचाय, घाई आहे मला." तरी तो कॉलर सारखी केल्याशिवाय सोडत नसे.

तो निवृत्त झाला तेव्हा नाट्यगृहाने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते बंद होतं. त्याने नम्रपणे विचारलं, घड्याळाऐवजी हा हँगर नेला तर चालेल का? सगळ्यांना वाटलं, म्हातारा विनोद करतोय. असा मी त्यांच्या घरी आलो.

पुढे मुलीची आई आजारी पडली, आणि एका हिवाळ्यात गेली. मित्रांनो, याहून जास्त मला सांगता येणार नाही. त्या हिवाळ्यात कोट माझ्यावरून एकदाही उतरला नाही, एवढंच मला ठाऊक.

नंतर बाबा (आता त्यांना मी बाबाच म्हणतो) आणि मुलगी दोन खोल्यांच्या लहान घरात राहायला गेले. दोघांत मिळून एकच कपाट. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची, आणि पगार झाला की कपडे आणायची. कपाटाचं दार उघडलं की कपडे अंगावर यायचे. मैत्रिणीच्या लग्नासाठी घेतलेला एक टिकल्यांचा पोशाख होता, तो अंधारातही कुणाकडे तरी बघत असायचा. तीन पँटी अशा होत्या की त्या 'बारीक झाल्यावर' घालायच्या होत्या. त्या कपाटात राहून राहून स्वतःच बारीक झाल्या. एवढं सगळं असून ती रोज सकाळी कपाटापुढे उभी राहून म्हणायची, "बाबा, घालायला काहीच नाही."

एक दिवस तिने ठरवलं की आता कमी कपडे ठेवायचे. थोडेच, साधे, पण असे की कोणताही शर्ट कोणत्याही पँटवर जावा. पांढरा, राखाडी, गडद निळा, काळा. एक चांगलं जाकीट, दोन स्वेटर. प्रत्येक कपड्याचं बाकीच्या सगळ्यांशी पटलं पाहिजे, असं ती म्हणाली. ही अट माणसांना लावली असती तर कितीतरी घरं ओस पडली असती, पण कपड्यांना चालून गेली. हसण्यावारी नेऊ नका, तिचं बरोबर होतं. कपाटात हवा खेळू लागली. सकाळी तिचा चहा निवांत होऊ लागला. नवीन काही घ्यायचं तर आधी जुनं एक जायचं, असा तिने दंडकच घातला.

उरलेल्या कपड्यांसाठी तिने एक युक्ती काढली. सगळे हँगर उलटे टांगायचे, हुकाचं तोंड आपल्याकडे. कपडा घातला की परत ठेवताना हूक सरळ करायचा. थंडी संपेपर्यंत ज्याचा हूक उलटाच राहील, तो कपडा कुणाला लागत नाही असं समजायचं आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन टाकायचा.

"कळलं ना, बाबा?"

"घातला की सरळ," बाबा म्हणाले. "न घातला तर उलटा."

मोहरीच्या रंगाच्या कोटाबद्दल तिने वेगळं काही विचारलं नाही. त्याचं कपाटातल्या कशाशीच पटत नव्हतं. आईचा विषय निघाला की बाबा उठून नळ घट्ट करायला जायचे. नळ गळत नव्हता, पण घट्ट करून करून अखेर गळायला लागला. म्हणून तिने मनाशी ठरवलं की हे बाबांना विचारायचं नाही. त्यांना कोट हवा असेल, तर हूकच सांगेल.

आता मला माहीत असलेली गोष्ट सांगतो. ती बाबा आणि मी सोडून कुणालाच माहीत नव्हती.

रोज दुपारी मुलगी दुकानात असताना बाबा कपाट उघडायचे. कोट माझ्यावरून काढायचे, दाराजवळ जायचे आणि दोन्ही खांद्यांना धरून उघडा ठेवायचे. दोन हात बाह्यांत जायला लागतो तेवढा वेळ थांबायचे. मग कॉलर सारखी करायचे. "सावकाश, बाई," म्हणायचे. "नाटक संपलंय. आता घाई कसली."

मग कोट परत माझ्यावर चढवायचे, आणि मी जसा सापडलो तसाच मला टांगायचे. उलटा.

त्यांनी कोट घातला नव्हता. मुलीचा नियम त्यांनी पाळला. कोट त्यांचा नव्हता, दुसऱ्याचा होता. स्वतःचाही नियम त्यांनी पाळला. मी रोज हूक सरळ व्हावा म्हणून जीव तोडून वळायचा प्रयत्न केला. लाकडाने मनावर घेतलं तरी ते फार तर कुरकुरतं. बाबा म्हणाले, याला तेल दिलं पाहिजे, आणि त्यांनी दिलं. मग तेही बंद झालं.

थंडी संपली. मुलीने नाश्त्याच्या वेळी विचारलं, "बाबा, उलट्या हुकाचे कपडे आज देऊन टाकू ना? खरंच चालेल ना तुम्हाला?" ती त्यांच्याकडे नीट बघत होती. बाबांना वाटलं, आपल्या जुन्या शर्टांबद्दल बोलतेय.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले, आणि केस कापायला गेले.

ती थोडा वेळ कपाटापुढे उभी राहिली. कोट काढला, चेहऱ्याशी धरला, माझा उलटा हूक पुन्हा एकदा पाहिला. मग घडी घालून पिशवीत ठेवला आणि घेऊन गेली.

दुपारी ती लवकर परतली. दार उघडलं तर बाबा समोरच उभे. हातात मी.

"काय करताय, बाबा?"

"कोट कुणी नेला?"

"मी दिला. तुम्हीच म्हणालात ना... हूक उलटा होता."

"उलटाच असणार," बाबा शांतपणे म्हणाले. "मी कुठे घातला? मी नुसता धरत होतो."

तिला समजायला वेळ लागला. मग बाबांनी मला दाराच्या कडीला अडकवलं आणि कोट उघडा धरावा तसे दोन्ही हात पुढे धरून दाखवले. कसं ते. तिने तोंडावर हात घेतला.

"बिल्ला घेतला होतास?" त्यांनी विचारलं.

ती तशीच पळत सुटली. दुकान उघडं होतं, कोट नव्हता. दुकानदारीण म्हणाली की तो सकाळीच गेला. एका बाईने घालून पाहिला आणि काढलाच नाही, तशीच निघून गेली. कोण, कुठली, काही माहीत नाही.

संध्याकाळी मुलीने हे सांगितलं तेव्हा बाबा नळ घट्ट करायला गेले नाहीत. तिच्याशेजारी बसले.

"खांद्यात बसला का त्या बाईंना?"

"डावीकडे जरा उतरतो म्हणाल्या. पण आवडला."

"कॉलर?"

"ते नाही विचारलं, बाबा."

"असू दे." मग म्हणाले, "तुझ्या आईला बिल्ला दिला नव्हता मी. चूक माझीच."

मुलगी तेव्हा रडली, आणि बाबांनी तिच्या स्वेटरची कॉलर सारखी केली. स्वेटरला कॉलर नव्हती. तरी केली.

मित्रांनो, कपडे जरूर कमी करा. टिकल्यांच्या पोशाखासाठी मी एक अश्रूही गाळणार नाही. पण कपडा कुणाला लागतो हे हुकाला विचारू नका. हूक लोखंडाचा असतो, त्याला फक्त दोनच दिशा कळतात. घरातल्या माणसाला विचारा. तो नळाकडे जाऊ लागला तर त्याच्यामागून जा आणि तिथे विचारा.

कपाट आता नीटनेटकं आहे. मुलीने मला काढून टाकलं नाही, माझ्यावर दुसरं काही लावलंही नाही. रोज दुपारी बाबा येतात, मला काढतात, दाराजवळ नेतात, परत आणून टांगतात. आता मात्र टांगताना हूक सरळ करतात.

म्हणून मी इथे आहे. नियमाप्रमाणे मी रोज लागतो.